चिराईताला आवतण

काडेचिराईताचं पान जिभेवर ठेवलं की आधी काहीच कळत नाही. मग कडू चढायला लागतं, ते चढतच राहतं. वर गूळ खा, पाणी प्या, ते आपल्या मर्जीनंच उतरणार. तापावर लागू पडतं ते हेच कडू, आणि संयोगिताचं सगळं संशोधन या कडूपणावर चाललं होतं. रोप ते कधी करतं, किती करतं, आणि करायचं त्याला सुचतं तरी कशानं, हे शोधत ती सांगलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं बसून होती. तिथं कुंड्यांत रोपं होती. पण कुंडीतलं रोप म्हणजे वसतिगृहातलं पोर, त्याच्यावरून गावाची परीक्षा होत नाही, असं तिच्या मार्गदर्शक अर्फा मॅडम म्हणायच्या. म्हणून तिनं पाटणजवळच्या वाडीत, आपल्या आत्तीच्या रानात, चिराईताचे दोन वाफे लावले होते.

आत्ती म्हणजे बनुबाई, संयोगिताच्या वडिलांची थोरली बहीण. तिचे नेम सगळ्या वाडीला पाठ. तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही, सोमवारी एकवेळ, कार्तिकात पहाटेचा काकडा चुकवायचा नाही. कुणाच्या घरात ताप शिरला की चिराईताचा काढा आत्तीच्याच चुलीवरून जायचा. त्यामुळं भाचीनं हे रोप लावायला मागितलं तेव्हा तिला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

"ते जीन जीन म्हंत्यात ते आसतंय तरी कुठं?" तिनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "मुळात का पानात?"

"सगळीकडंच असतं, आत्ती. रोपाच्या कणाकणात. तुला पुरणपोळी येते का न्हाई?"

"येती की."

"मग रोज करतीस?"

"रोज कोन करतंय? सणवार आसला, कोन आलं-गेलं, तर."

"तसंच. कडू कसं करायचं ते प्रत्येक पानाला येतं. ते येणं म्हणजे जीन. जनुक म्हण. पण रोप काय रोज चूल मांडत नाही. काहीतरी कारण पडतं, मग त्या जनुकाच्या पानात भराभर नकला निघायला लागतात आणि कडू तयार होतं. मी त्या नकला मोजते."

आत्तीनं जात्यावरचा हात थांबवून थोडा विचार केला. "म्हंजे चुलीवर पुरन चढलंय का न्हाई, ते तू धुरावरनं सांगनार."

"अगदी बरोबर."

"आन् कारन काय पडतंय?"

तेच तर संयोगिताला पाहायचं होतं. तिचा अंदाज होता जखमेचा. पान किड्यानं कुरतडलं, शेळीनं ओरबाडलं, की रोप सावध होऊन कडू वाढवत असावं. म्हणून ती एका वाफ्यातल्या रोपांची पानं आदल्या दिवशी सकाळी कात्रीनं थोडी थोडी कापून ठेवायची. दुसरा वाफा साधा, त्याला कुणी बोट लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही वाफ्यांतली पानं खुडून जागच्या जागी द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायची, म्हणजे पानात त्या घडीला जे चाललेलं असेल ते तसंच गोठून राहतं. कापलेल्या वाफ्यातली जनुकं जागी आणि साध्यातली झोपलेली निघाली, तरच जखमेनं जाग येते असं म्हणता येणार होतं.

सांगलीच्या कुंड्यांत तसंच निघालं. वाडीत मात्र साधा वाफाही टक्क जागा.

पावसाळ्यात एकदा खुडणी केली, दसऱ्याच्या आधी पुन्हा केली. दोन्ही वेळा तेच.

"ताई, चिठ्ठ्यांची अदलाबदल तर झाली नाही?" मुजीबनं विचारलं. प्रयोगशाळेतलं मोजणीचं मशीन तोच चालवायचा, आणि पहाटे सांगलीहून जीपमधून नायट्रोजनचं भांडंही तोच आणायचा.

"झाली असती तर दोन्हींतला एक तरी झोपलेला निघाला असता की."

"मग तुमच्या आत्तीच्या रानात कुणाला झोपच लागत नसंल."

आत्तीचे यजमान, कृष्णात मामा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा तर्क वेगळा होता. "हिकडं जमीन हालती. कोयनेचं रोजचंच हाय ते. आमी कूस बदलून झोपतो, पर झाडं दचकत आसतील." संयोगितानं त्याचीही नोंद काढून बघितली. त्या दोन रात्रींत जमीन गप्प होती. मग तिनं टोळ शोधले, गोगलगाई शोधल्या, मातीचे नमुने नेले. दुसऱ्या खुडणीला तर मामांनी स्वखुशीनं वाफ्यांभोवती जाळी ताणली होती आणि आदल्या दिवशी काठी घेऊन पहारा धरला होता. शेळी सोडा, चिमणी फिरकली नाही. साध्या वाफ्याची जाग काही मोडली नाही.

शेवटी अर्फा मॅडमनी तिला समोर बसवलं. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यामुळं त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"चिराईत फुलावर आलंय. आता एकच खुडणी मिळेल आणि तुझी मुदतवाढही शेवटची आहे. या खेपेला साधा वाफा साधा निघाला, तर रानाचं प्रकरण ठेवू. नाही निघाला तर ते गाळावं लागेल. मग प्रबंधात नुसत्या कुंड्या उरतात, आणि नुसत्या कुंड्यांवर मी सही करणार नाही."

संयोगिता घरी गेली, देवापुढं दिवा लावला, आणि बसल्या बसल्या तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. सकाळी कात्री चालवली की ती दर वेळी कराडला आई-वडिलांकडं जायची, कारण मुजीबची जीप पहाटे कराडवरूनच यायची. म्हणजे कात्री लागल्यापासून पानं खुडेपर्यंत वाडीत काय होतं, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. या खेपेला तिनं मुजीबला थेट वाडीवर यायला सांगितलं आणि आपण तिथंच मुक्काम केला.

सकाळी एका वाफ्याची पानं कापून झाली. मग दिवसभर ती बांधावर भिंग घेऊन बसली. एक नाकतोडा आला, तो जाळीबाहेरच्या गवतावर बसला आणि गेला. दुपारी वाऱ्यानं रोपं हलली. वाऱ्यानं जाग येत असेल का, असाही विचार तिनं केला. पण वारा सांगलीतही असतोच.

दिवेलागणीला आत्ती घरातून बाहेर आली. हातात ताम्हण, त्यात हळद, कुंकू, अक्षता. तुळशीकडं निघाली असेल असं संयोगिताला वाटलं. पण आत्ती तुळस ओलांडून सरळ रानात आली, जाळी उचलून वाकून आत शिरली आणि कापलेल्या वाफ्याशी उकिडवी बसली.

"उद्या सकाळच्याला न्यायला येतोय बरं का," ती रोपांशी बोलत होती, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. "मानसाच्या दुखन्यासाठी नेतोय. राग धरू नगा."

मग एकेका रोपावर अक्षतांचे दाणे, देठाला हळदीचं बोट, आणि शेवटी अंगठ्याच्या नखानं शेंडा टचकन खुडून तो त्याच रोपाच्या बुडाशी मातीत. हात इतका सराईत की वाफा भरभर संपला. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि साध्या वाफ्याकडं वळली.

"आत्ती," संयोगिता जवळ येत म्हणाली, "हे काय करतीस?"

"आवतान देतीया. औषद खुडायच्या आदल्या सांजंला त्याला सांगाय नगं? तुझ्या आजीचा नेम हाय, तिच्या माघारी मी धरला. पयला वाटा त्याचा त्यालाच द्यायचा, मग आपला घ्यायचा."

"मागच्या दोन्ही खेपांना दिलंस?"

"मग? तू सकाळी येऊन बिनबोलता कात्री लावून जातीस. कुनीतरी सावरून घ्याय नगं व्हय?"

"दोन्ही वाफ्यांना दिलंस?"

आत्तीनं तिच्याकडं जरा नवलानं पाहिलं. "एका पंगतीला बसल्याली हायती ती. ह्याला वाढायचं आन् त्याला न्हाई, आसला पंक्तिपरपंच मला जमायचा न्हाई."

संयोगिताला हसावं की रडावं कळेना. टोळ शोधले, माती तपासली, भूकंपाच्या नोंदी पालथ्या घातल्या, आणि साध्या वाफ्याला जागं करणारा किडा म्हणजे आत्तीचा अंगठा. ती बांधावर बसली आणि तिनं आत्तीला सगळं सांगितलं. नख लागलं तरी रोपाला ती जखमच, दोन्ही वाफे जखमी झाले की तुलना कशाशी करायची, आणि उद्याची खुडणी गेली तर तिच्या एवढ्या वर्षांच्या कामाचं काय होणार.

आत्तीनं ताम्हण खाली ठेवलं. "म्हंजे माझ्या नखानं तुझ्या दोन खेपा घालवल्या."

"तुला कुठं माहीत होतं? मी पण कधी विचारलं न्हाई."

"बरं. ह्या वाफ्याला वाढू नगं म्हन्तीस, न्हाई वाढत." आत्तीचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पर मग त्यातलं पान उद्या खुडायचं न्हाई. माझ्या रानातनं न सांगता औषद हालल्यालं न्हाई, आन् हालनार बी न्हाई. येवडं माझं ऐक."

झालं. आवतण दिलं तर वाफा साधा राहत नाही, आणि नाही दिलं तर तो खुडता येत नाही. पहाटे आत्ती काकड्याला देवळात असेल, तेव्हा गुपचूप चार पानं घेतली तर कुणाला कळणार, असं संयोगिताच्या मनात येऊन गेलं. पण तुळशीचं पान हात जोडल्याशिवाय तीही तोडत नसे, सांगलीत भाड्याच्या खोलीतसुद्धा. आत्तीला चुकवून ती पानं भांड्यात टाकायची आणि त्यांच्यावर आपलं नाव घालायचं, हे तिच्यानं झालं नसतं.

तेवढ्यात मामा काठी घेऊन पहाऱ्याला आले. "काय कोर्ट भरलंय हितं?"

त्यांना सगळं सांगितल्यावर ते बायकोकडं बघून मान हलवायला लागले. "सुभेदाराच्या पहाऱ्यातनं घुसखोरी."

"पण मामा, तुम्ही तर इथंच उभे होता. तुम्ही बोलला कसं न्हाई?"

"मी दुश्मन शोधत हुतो. ही आपलीच पार्टी."

आत्तीला हसू आलं, पण तिनं ते पदरात लपवलं. संयोगिता मात्र एकटक साध्या वाफ्याकडं बघत होती. तिच्या डोक्यात आता भलतंच चक्र सुरू झालं होतं. जाग नक्की कशानं येते? नखानं, हे तिनं धरूनच टाकलं होतं. पण हळदीनंही येत असेल. हात लागल्यानं येत असेल. कुणी सांगावं, बोलताना तोंडाची वाफ लागते, तिनंही येत असेल. तिनं कुठं तपासलं होतं?

"आत्ती, आवतण सगळ्यांना सारखंच द्यायला लागतं का? म्हणजे लग्नाचं धर. सगळ्यांना एकसारखंच देतीस?"

"लगनाचं कशाला सारखं आसंल?" आत्ती म्हणाली. "पाव्हन्याच्या दारात वाजतगाजत जायाचं, मान द्यायचा. भावकीला हळद-अक्षत दिली की झालं. आन् घरच्याला नुसतं तोंडानं सांगायचं. घरच्याला अक्षत दिली तर त्यो रुसतोय, मला परका केलं म्हनून."

"माझ्या थोरल्या भावाला अक्षत दिली हुतीस तू," मामा म्हणाले. "जेवला न्हाई त्यो. ताटावरनं उठला."

"त्याचं नगा काढू आता."

"मग आत्ती," संयोगिता हळूच म्हणाली, "ह्या वाफ्यात तीन ओळी हायत."

आत्ती वाफ्याच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की हिशेब घालत होती, कळायला मार्ग नव्हता. मग पाटाकडच्या ओळीशी थांबली.

"ही घरची," ती म्हणाली. "ही मधली भावकी. आन् बांधाकडची पाव्हनं. पर एक हाय. घरची मान्सं मागनं जेवत्यात, ती उपाशी न्हाई ऱ्हात. उद्या तुझं खुडून झालं की समद्यांचा वाटा मी देनार."

"खुडून झाल्यावर खुशाल दे."

मग आत्ती घरच्या ओळीसमोर बसली, हात पदराखाली ठेवले आणि नुसतं तोंडानं सांगितलं. भावकीला सांगून अक्षता आणि हळद दिली. पाव्हण्यांना सांगणं, हळद-अक्षत आणि शेंडा, सगळा मान दिला. मामांनी विजेरी धरली. संयोगिता इतक्या जवळून बघत होती की आत्तीनं तिला दोनदा कोपरानं मागं सारलं.

पहाटे देवळातून काकड्याचे टाळ ऐकू येत होते तेव्हा मुजीब आला. भांड्याचं झाकण उघडलं की पांढरा धूर वाहायचा. मामा दर वेळेप्रमाणं चार हात लांब उभे राहिले. संयोगितानं हात जोडले आणि पानं खुडायला सुरुवात केली. मुजीब चिठ्ठ्या लिहायला बसला.

"कापलेला वाफा लिहिला. आता साधा ना?"

"साध्यातल्या तीन वेगळ्या. घरची, भावकी, पाव्हणे."

मुजीबनं पेन थांबवून मामांकडं पाहिलं. "लिही बाबा," मामा म्हणाले. "वरनं हुकूम हाय."

सांगलीत पानांची पूड होऊन, त्यातल्या नकला वेगळ्या काढून मोजणीला लागेपर्यंत काही दिवस गेले. ज्या दिवशी मशीनमध्ये नळ्या गेल्या, त्या दिवशी संयोगितानं सोमवार नसताना उपास धरला होता. पडद्यावरच्या रेषा डावीकडून उजवीकडं सरकत होत्या. ज्या नमुन्यात नकला जास्त, त्याची रेषा आधी वर उठते. कापलेल्या वाफ्याची आधी उठली. तिच्या पाठोपाठ पाव्हण्यांची. मग बराच वेळ काहीच हललं नाही. मुजीबनं चहा मागवला, चहा आला, पिऊन झाला. तेव्हा कुठं भावकी आणि घरची एकमेकींना धरून सावकाश उठल्या.

"घरची झोपलीत ताई," मुजीब म्हणाला. "भावकी पण. नुसत्या हळदीवर कुणी उठलं नाही."

अर्फा मॅडमनी आकडे दोनदा पाहिले. मग चष्मा काढून विचारलं, "या तीन ओळी कशा पाडल्या?" संयोगितानं काही न वगळता सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. "आमचे आजोबा मिरजेत अत्तार होते," त्या म्हणाल्या. "बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय औषधाची पुडी बांधायचे नाहीत. ते मला कुठल्या रकान्यात घालायला सांगितलं असतं तर माझीही पंचाईत झाली असती." त्यांनी कागद पुढं सरकवला. "ओळी लहान आहेत. कुंड्यांवर नखानं शेंडा खुडून बघ, तिथंही असंच निघालं तर रानाचं प्रकरण राहील. आधीच्या दोन खुडण्याही फेकू नकोस. त्यांत दोन्ही वाफ्यांचे शेंडे आदल्या संध्याकाळी खुडलेले होते, तसंच लिही. कुणी खुडले आणि का, तेही लिही."

कुंड्यांवर तसंच निघालं. मॅडमनी सही केली तेव्हा संध्याकाळ झाली होती. संयोगितानं जिन्याच्या पायरीवर बसून वाडीला फोन लावला.

"ऱ्हायलं का तुझं प्रकरण?" आत्तीनं आधी तेच विचारलं.

"राहिलं, आत्ती. सही झाली."

"देव पावला. आन् काय निघालं?"

इथं संयोगिता जरा घुटमळली. "नखानं जाग येते. हळदी-अक्षतांनी काय होत न्हाई. आणि नुसतं सांगितलं, तर... तर काहीच होत न्हाई."

पलीकडं चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"तुझ्या मशिनीला ऐकू येतंय का?" आत्तीनं विचारलं.

"न्हाई."

"मग तिला कशाला इचारलंस?" तिच्या आवाजात राग नव्हता, थोडी गंमतच होती. "ते ऱ्हाऊ दे. नखानं हुतंय म्हन्तीस ते लय ग्वाड वाटलं बघ मला. शेंडा तर मी खुडते, आन् तू पान खुडतीस खालचं. खालच्या पानाला कळतंय कसं?"

"शेंड्याला जखम झाली की तिथं एक द्रव्य तयार होतं. ते रसातनं खाली उतरतं, आणि पानापानात सांगत जातं."

"कडू करा म्हनून."

"हां. कडू करा म्हणून."

"म्हंजे आवतान त्यांच्यातबी फिरतंय की. शेंडा पानाला सांगतोय." आत्तीला ही गोष्ट फार आवडलेली दिसली. तिनं लगेच पुढं विचारलं, "आन् शेजारच्याला?"

"कुठल्या शेजारच्याला?"

"पाव्हन्यांच्या वळीला लागून भावकी बसल्याली. हातभर तर अंतर. हितं शेंडा खुडला की वास किती सुटतोय. शेजारच्या रोपाला काय कळत आसंल का न्हाई?"

भावकीच्या ओळीतल्या सगळ्या रोपांची पानं संयोगितानं एकत्र करून मोजली होती. पण प्रत्येक रोपाचं थोडं थोडं पान वेगळंही गोठवून ठेवलेलं होतं, खालच्या कप्प्यात, मुजीबच्या चिठ्ठ्यांसकट. बांधाच्या, म्हणजे पाव्हण्यांच्या बाजूची वेगळी, पाटाच्या बाजूची वेगळी.

"ऐकतीस न्हवं?" आत्ती म्हणाली.

"ऐकते. ठेवू नको फोन."

वर मुजीब दिवे मालवत होता. त्याला थांबायला सांगत, फोन तसाच कानाला धरून, संयोगिता पुन्हा जिना चढायला लागली.